पाकिटात घातलेली गुणपत्रिका

नोकरीसाठी मी पहिले सहा अर्ज केले, त्यातल्या एकाचंही उत्तर आलं नाही. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती. नळदुर्गच्या आसपास माझ्यासारखी मॅट्रिक झालेली पोरं वर्तमानपत्रातली प्रत्येक जाहिरात पाठ करायची. पोस्टमन आमच्या वस्तीच्या वळणावर दिसला की मी धावत दारात यायचो. तो सायकल न थांबवता पुढं गेला, तरी मी तिथंच उभा असायचो.

मग मला एक युक्ती सुचली. जाहिरातीत लिहिलेलं असे, 'प्रमाणपत्रांच्या सत्यप्रती जोडाव्यात.' सत्यप्रत करायची म्हणजे आधी टायपिंगवाला गाठायचा आणि मग मोठ्या साहेबांकडं सही-शिक्का मागायला जायचं. साहेबांच्या दारात उभं राहायचं म्हटलं की माझी बोबडी वळायची. म्हणून मी नक्कल हातानंच लिहून जोडत असे. सातव्या वेळी, एका सहकारी संस्थेतल्या कारकुनाच्या जागेसाठी, मी खरी गुणपत्रिकाच पाकिटात घातली. नक्कल केराच्या टोपलीत जाईल, पण मूळ कागद कोण टाकेल? तो परत करायला तरी त्यांना मला पत्र लिहावंच लागेल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? मी कुणाला विचारलंच नव्हतं.

पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला आणि तिथंच मी घाबरलो. पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली, पण हात मनगटापुढं जाईना.

ती गुणपत्रिका आमच्या घरी बुद्धाच्या फोटोमागं, पुठ्ठ्याच्या आत ठेवलेली असायची. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांना वाचता येत नव्हतं. दुष्काळी कामावर आई आणि आबा खडी फोडत, मी तिथंच मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहीत असे, आणि त्यातूनच मी परीक्षा दिली होती. दर वैशाख पौर्णिमेला आबा फोटो उतरवून पुसत आणि घरी येईल त्याला तो कागद दाखवत. पौर्णिमा महिन्यावर आली होती. एकेक आठवडा गेला, उत्तर नाही. आबांनी भिंतीकडं नुसतं बघितलं तरी मी ताटावरून उठायचो. ते मारतील अशी भीती नव्हती. ते काहीच बोलणार नाहीत, ही भीती होती.

पौर्णिमेला चार दिवस उरले तेव्हा एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून मी संस्थेचं ऑफिस गाठलं. व्हरांड्यात शिपाई अर्जांचे गठ्ठे सुतळीनं बांधून पोत्यात कोंबत होता. एका अर्जाचा पुडा करून त्यानं शेंगा घेतल्या होत्या. मी वाकून त्या कागदावरचं अक्षर बघितलं. माझं नव्हतं.

आत एक म्हातारे हेडक्लार्क बसले होते. मी गावाचं आणि स्वतःचं नाव सांगताच त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं आणि माझा अर्ज पुढं ठेवला. गुणपत्रिका त्यालाच टाचलेली होती. मला रडू फुटलं.

"रडू नगंस. असा खरा कागद कुणी धाडतं व्हय रं?" ते म्हणाले. "आन् ह्यो अर्ज! दोन पानं वाचून डोळ्यात पाणी आलं बघ. दुष्काळ हाय, बाप हाय, खडी हाय. पण जागा कंची पायजे, ते कुठं हाय? तुला काय येतं, ते कुठं हाय? दुष्काळ तर समद्यांनाच व्हता."

"खडीच्या कामावर हजेरी लिवत होतो मी, साहेब. दीडशे माणसांची."

"मग ते का लिवलं न्हाईस?"

मला त्याची लाज वाटली होती. त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी उभ्यानंच लिहिलं. पहिल्या ओळीत जागा, मग शिक्षण आणि मार्क, मग रोज दीडशे माणसांची हजेरी लिहिल्याचा अनुभव, शेवटी पत्ता. अर्धं पानही भरलं नाही. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

"असा अर्ज आला असता तर मीच सगळ्यात वर ठेवला असता. कमिटीला येवढंच वाचाय सवड असती."

मी सगळा धीर गोळा केला. "मग आता ठेवा की, साहेब."

त्यांनी तो कागद घडी घालून माझ्याकडं परत सरकवला. "मुलाखती सोमवारीच झाल्या, लेकरा. गठ्ठा पुढं गेला तवा तुझा अर्ज त्यात न्हवता. खरा कागद हाय, हरवंल, म्हणून मीच काढून कुलपात ठेवला व्हता. पोस्टानं धाडणार व्हतो, ऱ्हाऊन गेलं. पुढच्या बारीला सत्यप्रत जोड. सही करणारे साहेब काय खात न्हाईत."

मी हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब," असं म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. गुणपत्रिका शर्टाच्या आत पोटाशी धरून हमरस्त्यापर्यंत चालत आलो. घामानं शाई फुटेल की काय, एवढीच काळजी होती. ट्रकला हात करताना मग कुठं ध्यानात आलं. सात अर्जांमधला हा एकच कुणीतरी शेवटपर्यंत वाचला होता, आणि तो मीच कपाटात कोंडायला लावला होता. आबांची भीती आता उरली नव्हती. मला माझ्याच हुशारीची भीती वाटायला लागली होती, आणि ती अजूनही वाटते.