टेकून जाणारं विमान

माझ्या नवऱ्याला विमानांचं वेड आहे आणि आमच्या जिल्ह्यात धड विमानतळ नाही. अशा माणसाने करावं काय? हा मूळचा पुलगावचा, रेल्वेरुळांच्या कडेला वाढलेला. गाड्या पाहून पाहून पोट भरलं तेव्हा नजर वर गेली. संध्याकाळी गच्चीवर जायचं, नागपूरच्या दिशेने खाली येत चाललेले दिवे पाहायचे आणि खाली येऊन मला सांगायचं, "आज मुंबईवालं लेट हाय बरं का." मी पोळ्या लाटत असते. मला त्या मुंबईवाल्याशी काय देणंघेणं? पण नवऱ्याचं वेड आणि स्वतःचं पित्त, या दोन गोष्टी बाईमाणूस हळूहळू सांभाळून घ्यायला शिकतं.

मग कुणीतरी त्याला सांगितलं, की आर्वीच्या बाजूला जी जुनी हवाईपट्टी आहे, वर्षानुवर्षं नुसती बकऱ्या चरायला पडलेली, तिथे आता शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं येऊ लागली आहेत. झालं! दर रविवारी दुर्बीण, थर्मास आणि सतरंजी घेऊन बापलेक निघू लागले. लेक कॉलेजात शिकते, तिच्या मोबाईलवर कोणतं विमान कुठे उडतंय ते दिसतं. दोघं एकाच माळेचे मणी. मी एकदाच गेले, तेही आईमुळे.

आई तेव्हा आर्वीला एकटी राहायची, एसटी डेपोच्या मागे, दोन खोल्यांत. बाबा आधीच गेलेले. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, परदेशात नोकरीला. शेवटचा आला तो थोड्याच दिवसांसाठी. निघायच्या दिवशी सगळं रीतसर झालं. हातावर दही झालं, आईच्या पाया पडून झालं, आणि तो आमच्या गाडीत बसला. नागपूरपर्यंत सोडायला माझा नवराच गाडी चालवत होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी गेली आणि परत फिरली. मोबाईलचा चार्जर राहिला होता.

आमच्याकडे रीत अशी, की निघालेला माणूस काही विसरून माघारी आला तर त्याने दारातून तसंच जायचं नाही. घरात यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. आई तर कुणालाच 'बस' म्हणत नाही, 'टेक' म्हणते. दूधवाल्यालाही रोज "टेका" म्हणायची. तो बिचारा सायकलवरूनच एक पाय जमिनीला लावून म्हणायचा, "टेकलो ना काकू." दादा गाडीतून उतरतोय हे पाहून ती आतूनच ओरडली, "टेकजो रे बाप्पा, पाणी आणून राह्यली मी!" आणि ती मोरीकडच्या माठाशी गेली. चार्जर हातात घेऊन मी दारात उभी होते. आई तांब्या घेऊन बाहेर आली तोवर गाडी गेलेली होती.

त्याच वर्षी दादा तिकडेच वारला. झोपेतच गेला, म्हणे. त्याला इकडे आणता आलं नाही. तिकडे जे काही क्रियाकर्म झालं ते आम्ही मोबाईलवर पाहिलं, तेही मधेमधे अडकत. आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "टेकलाच नाई ना तो?"

त्यानंतर तो दारात उभा राहू लागला.

हे लिहिताना मला माझाच राग येतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, पोरांना सांगते की पुरावा दाखवा, मगच बोला. पण दिवेलागण झाली की आई चौकटीकडे बघून म्हणायची, "ये ना बाप्पा, टेक ना." जरा थांबून स्वतःशीच, "पाय दुखत असतीन त्याचे." मी एकदा चिडलेच. म्हटलं, "आई, कोणी नाई तिथं!" तर म्हणते कशी, "तुले दिसत नाई म्हणून तो नाई का?" आता यावर विज्ञानाच्या बाईने काय बोलावं? आणि खरं सांगायचं तर त्या घरात शिरताना मी चौकटीच्या एका अंगाने शिरायचे. नवराही तसाच, पोरगीही तशीच. भरल्या बसमध्ये उभ्या माणसाला आपण वाट देतो ना, अगदी तसं. यावर आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

मग त्या पावसाळ्यात आईला स्वयंपाकघरात चक्कर आली. गॅस चालूच होता. शेजारणीला वास आला म्हणून वाचली, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. मी वर्ध्याहून धावत आर्वीला गेले आणि तिचे कपडे पिशवीत भरायला लागले. म्हटलं, "चल वर्ध्याले. आता एकटं राहायचं नाई."

"मी नाई येत."

"काऊन नाई?"

"मी गेली तर त्याले टेक कोण म्हणन? कुलूप पाहीन अन् उभाच राहीन तो."

मी भांडले, हात जोडले, रडलेसुद्धा. नवऱ्यानेही विनवून पाहिलं. आई ढिम्म. जावयाशी ती फार गोड बोलते, पण या बाबतीत त्याचंही ऐकलं नाही. मी वर्ध्याला परतले, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायचे. पुढच्या चक्करेला शेजारीण घरी असेलच याचा काय भरवसा? माझा भाऊ त्या दारातून हलत नाही तोवर माझी आई त्या घरातून हलणार नव्हती, आणि असंच चाललं तर भावापाठोपाठ आईही जाईल, एवढं मला दिसत होतं.

विमान दाखवायची कल्पना लेकीची. ती म्हणाली, "आजीनं विमान उतरताना कधी पाह्यलंच नाही गं. तिला नुसती जाणारीच दिसतात." मला वाटलं, आई उडवून लावेल. पण तिने विचारलं, "खाली येते ते? टेकते?" लेक म्हणाली, "हो आजी, एकदम समोर." आणि आई चक्क तयार झाली. नवीन लुगडं नेसली, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून घेतलं आणि गाडीत बसली.

हिवाळ्यातला रविवार होता. तुरी वाळायला आल्या होत्या आणि पऱ्हाटीवर उरलासुरला कापूस लोंबत होता. हवाईपट्टी म्हणजे काय, तर भेगाळलेलं डांबर, भेगांतून उगवलेलं गवत, आणि एका खांबावर वारा दाखवणारा फाटका कापडी नळा. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर सतरंजी अंथरली, आईसाठी खुर्ची मांडली. लेकीने गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा फोडला. नवरा तर असा खुशीत, जणू सासूला स्वतःची शेती दाखवतोय. मला मात्र ती जागा आवडली नाही. इतकी मोठी सपाट मोकळी जागा आणि माणूस एक नाही. कुणाची तरी वाट पाहायला केलेली आणि मग विसरलेली जागा वाटत होती ती.

आधी मळणीयंत्रासारखा आवाज आला. मग तुरीच्या वरून पांढरं एवढंसं विमान झोक खात खाली आलं. चाकं डांबराला लागली, चर्र झालं. आई खुर्चीचे हात धरून अर्धी उठली.

"टेकलं!" ती म्हणाली, आणि तिने बाटलीचं झाकण उघडलं.

विमान थांबलं नाही. तसंच धावलं, आवाज वाढला, चाकं सुटली आणि ते पुन्हा वर गेलं. आई अर्धी उठलेली तशीच राहिली. "अवो बाई, गेलं काऊन?"

"येतं ना आजी परत, थांब," लेक म्हणाली. ते लांबून वळसा घालून खरंच परत आलं. टेकलं. आईने झाकण उघडलं. गेलं. आईने झाकण लावलं. पुन्हा आलं, पुन्हा तेच. आता आईचा चेहरा पाहवेना. ती उठली, कुंपणापाशी गेली, तारेत बोटं अडकवली, आणि विमान समोरून जात असताना घसा फाडून ओरडली, "टेक ना रे! घोटभर पाणी तरी पे!"

काचेमागे वैमानिकाचं डोकं क्षणभर दिसलं. त्याने इकडे पाहिलं नाही.

मी नवऱ्यावर खेकसले, "काय हो, थांबणारं एकही विमान नाई का तुमच्याजवळ? कायले आणलं तिले इथं?" तो बिचारा कावराबावरा. आईजवळ गेला आणि समजावू लागला, "आई, ते शिकून राह्यलं. त्याले थांबायचंच नसते. चाक जमिनीले टेकलं की झालं. तेवढं टेकलं तरी उतरलं असंच धरतात."

आई वळली. "नुसतं टेकलं तरी?"

"हाव आई. एवढंसं टेकलं तरी उतरलंच म्हणतात त्याले."

आई परत येऊन खुर्चीत बसली. विमान पुन्हा तुरीवरून खाली येत होतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तो माघारी आला तवा तू दारात होती."

"हाव."

"मी तं आत होती. मले काई दिसलं नाई. त्यानं काई टेकलं का गं? बसला नसन तं नसो. जाताना उंबऱ्यावर डोकं तरी टेकलं का?"

तो कसा उभा होता ते मला लख्ख दिसत होतं. एक पाय पायरीवर, गॉगल कपाळावर सरकवलेला. त्याने माझ्या हातून चार्जर घेतला, त्याच चार्जरने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि हसून म्हणाला, "जाडे, सांभाळ तिले." मग वळला. उंबरा त्याने ओलांडला नाही, वाकला तर मुळीच नाही. त्याचं शेवटचं म्हणून माझ्याजवळ एवढंच होतं. ते मी कुणाला कधी सांगितलंही नव्हतं, जपून ठेवलं होतं.

"हाव आई," मी म्हटलं. "टेकलं त्यानं डोकं. उंबऱ्यावर. चांगला वाकून."

"मंग इतक्या दिवसाची बोलली काऊन नाई तू?"

"तू विचारलं कुठं?"

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. लेकीच्या कुशीत तोंड खुपसून, हमसून हमसून रडली. नवरा माझ्याकडे पाहत होता. त्या दिवशी स्टेअरिंगवर तोच होता, दार त्याच्या अगदी समोर होतं. त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि विमान नव्हतं त्या बाजूला बघत राहिला.

त्याच आठवड्यात आईने घराला कुलूप लावलं. निघताना चौकटीकडे पाहून म्हणाली, "गेला." बस, तेवढंच. आता ती माझ्याकडे वर्ध्याला असते. दोन घास जास्त जेवते, गाढ झोपते, टीव्हीवरच्या सुनांना शिव्या घालते. देवाने आणखी काय द्यायचं?

फक्त कुणी आलं की तिची गोष्ट सुरू होते. "माहा लेक तसाच नाई गेला बरं, उंबऱ्यावर डोकं टेकून गेला. हिनं पाह्यलं ना!" आणि ती माझ्याकडे बघते. मग मला सांगावं लागतं. हात कुठे होते, ती विचारते. मी म्हणते, उजवा चौकटीवर होता. डोळे मिटले होते का? हो आई, मिटले होते. दर वेळी तिला थोडं आणखी हवं असतं आणि दर वेळी मी देते. खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन, शंभरदा बोलेन.

पण कधी घरात एकटी असले की मला माझा दादा पाहावासा वाटतो, जसा होता तसा. मी डोळे मिटते. तो उंबऱ्यावर वाकलेला दिसतो, उजवा हात चौकटीवर. मी हाक मारते, दादा, अरे वर तरी बघ. तो बघत नाही. त्याचं तोंड मला आता आठवत नाही.