धोंडदऱ्याची बस

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी अंबिकाबाई लासूरकरांना रोज चालायला सांगितलं, आणि त्या कॉलनीजवळच्या बागेत पहाटे फेऱ्या मारू लागल्या. आठवडाभरातच त्यांना त्या गोल रस्त्याचा उबग आला. जिथून निघायचं तिथंच परत यायचं आणि सगळा वेळ पुढच्या माणसाची पाठ बघत राहायची, याला चालणं म्हणत नाहीत, असं त्यांनी घरी येऊन नवऱ्याला, व्यंकटरावांना, सुनावलं.

"मग कुठं चालणार आहेस?" व्यंकटरावांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं.

"डोंगरात."

"आणि डोंगरापर्यंत?"

"बसनं."

व्यंकटरावांना वाटलं, दोन रविवारांत हौस फिटेल. पण नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात लोकांच्या तक्रारी ऐकण्यात गेलेल्या या बाईच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट बसली की ती उठत नसे. रविवारी उजाडायच्या सुमारास त्या पाठीला पिशवी लावून मध्यवर्ती बसस्थानकावर हजर असायच्या. लेकानं गाडी आणि ड्रायव्हर देऊ केला तेव्हा त्याच्यावरच उखडल्या. "गाडी नेली की तिच्यापाशी परत यावं लागतं. बसनं गेलं की एका अंगानं चढावं आणि दुसऱ्या अंगानं उतरावं. एवढं साधं कसं कळत नाही तुम्हा लोकांना?"

त्यांच्या सगळ्या वाटांमध्ये लाडकी वाट धोंडदऱ्याची. बस पडेगाव मागं टाकायची, दौलताबादच्या पुढं मुख्य रस्ता सोडायची आणि फाट्यावरून अरुंद डांबरी रस्त्यानं थेट गावात शिरायची. मारुतीच्या देवळापुढं चिंचेखाली तेवढी एक मोकळी जागा होती; तिथं ड्रायव्हर एका दमात गाडी वळवायचा. देवळामागून पायवाट सुरू व्हायची. बोरी-बाभळींतून वर चढून गेलं की गवताचं पठार, पठारावर दगडी बांधणीचं जुनं टाकं, आणि पलीकडं उतरलं की दुसरा हमरस्ता, दुसरी बस. वर वारा आणि गुराख्यांच्या हाका, बाकी काही नाही.

तीच बस परत शहराकडं निघायची तेव्हा भागूबाई तिच्यात चढायची. भागूबाईची पेरूची बाग होती आणि रविवारच्या बाजाराला ती पाट्या भरून माल न्यायची. एक बाई उतरतेय, दुसरी चढतेय, अशी दोघींची ओळख बसच्या दारातच झाली. "ताई, जरा धरा की वो," असं म्हणत भागूबाई खालून पाटी उचलायची आणि अंबिकाबाई वर ओढून घ्यायच्या. मग एक पेरू त्यांच्या पिशवीत पडायचा. तीन-चार वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

बिघडवलं ते करुणानं. करुणा म्हणजे वरच्या मजल्यावरची शेजारीण. तिला मोबाईलवर व्हिडिओ टाकायचा नाद. एका थंडीत ती हट्टानं बरोबर आली, दर वळणावर थांबली, आणि टाक्यापाशी तिनं मोबाईल अंबिकाबाईंच्या तोंडासमोर धरला. "बोला काकू, लोकांना काय सांगाल?"

अंबिकाबाईंनी नीट सांगितलं. इथं बस येते, बसनंच या, गाड्या आणू नका, गावात वळायला जागा नाही. जेवढं शांतपणे सांगता आलं तेवढं सांगितलं.

दोन दिवसांनी व्यंकटरावांनी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. सोनेरी गवत, वरून गाणं, टाक्याच्या पाण्यात ढग, आणि मोठ्या अक्षरांत 'शहराजवळचा छुपा स्वर्ग'. अंबिकाबाई त्यात हसताना दिसत होत्या. बोलताना कुठंच नव्हत्या.

"माझं बोलणं कुठं गेलं गं?" त्यांनी जिन्यातच करुणाला गाठलं.

"लांब होत होतं, काकू. दीड मिनिटाच्या वर कुणी बघत नाही."

"अगं, बसचं तेवढं तरी!"

"बसमध्ये काय बघण्यासारखं असतं?"

अंबिकाबाई दाणदाण पायऱ्या उतरून खाली आल्या आणि त्यांनी दिवसभर भांडी आपटली.

पुढच्या रविवारी चिंचेखाली दोन गाड्या होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी देवळापासून ओढ्यावरच्या मोरीपर्यंत रांग. पठारावर ढणढणती गाणी, टाक्यात वेफर्सची पाकिटं. कुणीतरी चूल मांडून बिर्याणी शिजवत होतं. आणि त्याच महिन्यात, वळायला जागा नाही म्हणून बस तशीच मागं मागं नेताना तिचं एक चाक मोरीच्या कडेवरून घसरलं. कुणाला लागलं नाही, पण सगळी माणसं उतरवून ट्रॅक्टरनं बस ओढावी लागली. त्यानंतर ड्रायव्हरनं रविवारी गावात यायचं बंद केलं. तो फाट्यावरच माणसं उतरवायचा आणि तिथूनच परत फिरायचा. त्याचं तरी काय चुकलं? अंबिकाबाईंनी त्याच्याशी वाद घालून पाहिला. त्यानं हात जोडले. "बाई, रस्ता मोकळा करून द्या, लगेच येतो. गाडी डोक्यावर घेऊन वळवू का?"

त्या फाट्यावरून पायी गावाकडं निघाल्या तेव्हा समोरून भागूबाई येत होती. डोक्यावर पाटी, कमरेवर दुसरी, घामानं चेहरा निथळलेला. ती थांबली, पण या वेळी "धरा की" म्हणाली नाही.

"बगा, ताई, काय केलं तुमी."

"मी काय केलं? मी गाडी आणली का एक तरी?"

"तुमी नाय आणली. पर तुमचं हसू बगून आले ना समदे! माझ्या नातीनं दावला मला मोबाईल. लई ग्वाड हसताय त्यात." पाटी सावरत ती पुढं निघाली. "आता दर रविवारी ही पायपीट. माल घामेजून जातो, अर्धा दबतो. कुनाला सांगायचं?"

अंबिकाबाई त्या दिवशी डोंगर चढल्या नाहीत. फाट्यावर येऊन मिळेल त्या बसनं परतल्या, आणि वाटेत साऱ्या जगावर चिडल्या: करुणावर, गाडीवाल्यांवर, सकाळी "कुठं आज, स्वर्गात का?" असं विचारणाऱ्या व्यंकटरावांवर. शहर आलं तोवर त्या स्वतःवर येऊन पोहोचल्या होत्या, आणि तो राग सगळ्यांत वाईट होता, कारण तो कुणावर काढता येईना.

घरी आल्या आल्या त्यांनी वरच्या मजल्याची बेल वाजवली. "पुढच्या रविवारी माझ्याबरोबर यायचंय. मोबाईल नाही, टोपी घे. दिवसभर उन्हात उभं राहायचंय."

करुणा तोंड पाडून आली, पण आली. फाट्याला लागूनच भागूबाईच्या नवऱ्याचं, पुंजारामचं, शेत होतं. तूर काढून झाल्यानं मोकळंच पडलेलं. "लावा गाड्या, पर माझा बांध मोडू नका," एवढंच तो म्हणाला. अंबिकाबाईंनी रस्त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि बसल्या.

पहिली गाडी आली. काच खाली झाली. "काकू, मॅप तर आत दाखवतोय."

"त्या मॅपला म्हणावं, इथं येऊन बस वळवून दाखव. गाडी शेतात लावा. पुढं चालत."

"किती चालायचं?"

"डोंगर चढायला आलात ना? मग?"

दुसऱ्याला पायाची तक्रार होती, तिसरा कुठल्याशा साहेबाचा मेव्हणा निघाला. एक जण तर खाली उतरून अंगावरच आला. "तुम्ही कोण? ग्रामपंचायतीच्या?"

"नाही. शहरातली आहे."

"मग तुमचा काय संबंध?"

सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या तक्रारींना शांतपणे उत्तर दिलेल्या अंबिकाबाईंचा आवाज चिरकला. "मला बस हवीय! माझी बस हवीय मला, कळलं? लावा ती गाडी शेतात!"

तो माणूस दचकला आणि त्यानं मुकाट्यानं गाडी शेतात घातली. करुणा टोपीआडून हसली आणि मग तिनंही पुढच्या दोन गाड्या अडवल्या. एका गाडीत मात्र हातपाय थरथरणारी म्हातारी होती, मारुतीला नवस फेडायला आलेली. तिला अंबिकाबाईंनी आत सोडलं. लगेच मागचे चार जण ओरडले, "मग आम्हीच काय घोडं मारलंय?" अंबिकाबाईंनी कपाळाला हात लावला.

असे कितीतरी रविवार गेले. गालावरची कातडी सोलवटली, घसा बसला. व्यंकटराव आता थट्टा करत नव्हते. निमूटपणे थर्मास भरून द्यायचे. फाल्गुन लागता लागता एका सकाळी बस फाट्यावर थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढून मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं, खुर्चीतल्या बाईकडं पाहिलं, आणि गिअर टाकून तो आत गेला. थोड्या वेळानं चिंचेला वळसा घालून परतली तेव्हा बस माणसांनी भरलेली होती. खिडकीतून बायकांनी हात हलवले. अंबिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की भागूबाई त्यात नाही.

भागूबाई त्यांच्या मागंच होती. शेताच्या कडेला पोतं अंथरून तिनं पाट्या मांडल्या होत्या आणि गाडीतून उतरणाऱ्या एका कुटुंबाला पेरूवर तिखट-मीठ लावून देत होती.

"अहो, बस आली ना! गेला नाहीत?"

"आता बाजारात कशाला? गिऱ्हाईक हितंच येतंया. मागल्या रविवारी देवळामागं बसले, तर दुपारच्या आत पाट्या रिकाम्या झाल्या."

अंबिकाबाई खुर्चीतून उठल्याच. "मग इतके दिवस मी उन्हात कुणासाठी तळतेय?"

"बस काय येकल्या भागूबाईची हाय व्हय?" भागूबाईनं पेरू चिरता चिरता विचारलं. "त्यो बगा, निम्मा गाव गेला तिच्यात. मालनबाईचा नवरा दवाखान्यात हाय, ती रोज जाती. चिडू नका, ताई. लई दिस झाले, वर गेला नाय तुमी. जावा आता. मी बसते खुर्चीवर."

"तुमचा माल?"

"खुर्चीवर बसून इकता येत नाय का?"

अंबिकाबाईंनी पिशवी उचलली. इतक्या रविवारांनी पायवाटेला लागताना त्यांचे गुडघे कुरकुरले. पहिल्याच चढावर कुणीतरी टाकलेली बाटली दिसली, ती उचलली. पुढं आणखी दोन. टाक्यापाशी पोहोचेस्तोवर पिशवी भरली होती आणि डोकं पुन्हा तापलं होतं. त्या काठावर बसल्या, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. पलीकडं कुणाचं तरी गाणं ढणढणत होतं. त्यांनी मान वळवून ठणकावलं, "बंद करा ते!"

गाणं बंद झालं. मग बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या, आणि पलीकडच्या बाजूची बस चुकली.