कपाटातली तांब्याची पट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं मानत आलो. आता वय बहात्तर. इथे इतरांचे अनुभव वाचले, म्हणून माझाही लिहितोय... खरं तर कबुलीच आहे.

पनवेलहून तळोज्याकडे जाताना एक डेटा सेंटर होतं. तिथे मी शेवटची काही वर्षं फॅसिलिटी मॅनेजर होतो. सर्व्हरना तान्ह्या बाळासारखं जपावं लागतं. तापमान अठरा ते सत्तावीस, दमटपणा साठ टक्क्यांच्या आत. शिवाय हवेत केमिकलचे वायू किती, हे कळायला हॉलमध्ये तांब्याची छोटी पट्टी महिनाभर टांगायची आणि लॅबला पाठवायची. पट्टी जितकी काळी, तितकी हवा सर्व्हरना वाईट.

रात्रपाळीला एसी सांभाळायला उरणजवळच्या मोरा गावचा धर्मा होता, कोळी, चाळिशीचा. एका सकाळी तो पट्टी घेऊन आला.

“सायब, बगा, पार कोळसा झालाय. आमच्या सुक्या बोंबलाचा वास परवडला, ही हवा नाय. फिल्टर मागवा.”

“तू एसी बघ. केमिस्ट होऊ नकोस.”

कारण खर्च वाचवायला वायूंचे फिल्टर नकोत, असं सहीनिशी मीच लिहून दिलं होतं. त्याच दुपारी पनवेलच्या बाजारातून तांब्याचा पत्रा आणला, तशीच पट्टी कापली. भोक पाडताना हात हलला, ते कडेला गेलं. ही नवी पट्टी स्वतः सील करून लॅबला पाठवली. काळी पट्टी माझ्या कपाटात, कुलपात.

पुढच्या काही आठवड्यांत सर्व्हर एकामागून एक बंद पडू लागले. चौकशी बसली. चौकशीच्या आदल्या दिवशी लॅबचा रिपोर्ट माझ्या हातात आला — हवा घातक. सोबत फोटो. काळीकुट्ट पट्टी... आणि भोक कडेला.

मी कपाट उघडलं. आत कंपनीचीच पट्टी होती, मधोमध भोक असलेली. पण लखलखीत, आत्ता घासल्यासारखी. किल्ली एकच, ती माझ्या खिशात.

खरं बोलायची ती संधी होती, असं आज वाटतं. मी रिपोर्ट फाडला, पट्टी गाढी नदीत टाकली आणि चौकशीत आधीच्या एका महिन्याचा चांगला रिपोर्ट पुढे केला. हवा ठीक, म्हणजे दमटपणा वाढला असणार, म्हणजे रात्री एसीचा ऑपरेटर, धर्मा, झोपला असणार, असं ठरलं. धर्माने रात्रभर वहीत लिहिलेल्या दमटपणाच्या नोंदी कोणी मानल्या नाहीत. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “शक्य आहे.”

धर्माला काढलं.

गेल्या महिन्यात मोऱ्याला त्याच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. तो जाळं शिवत होता. हात थांबला नाही.

“मला नका सांगू सायब. मी जागा व्हतो, मला ठाव हाय. पोरीला सांगा. आजबी भांडली की बोलते, बाबा, तुमी झोपलात म्हणून आपली ही गत.”

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. शिकलेली, उरणला नोकरीला.

“काका, पुरावा काय?”

“रिपोर्ट मी फाडला. ती लॅबही बंद झाली. पट्टी नदीत आहे.”

“बाबा,” ती हसून म्हणाली, “काकांना काय पाजलंत?”

धर्माने जाळ्याची पुढची गाठ मारली.

पट्टी कशी बदलली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. ते तुम्ही खोटं मानलंत तरी चालेल. पण धर्मा जागा होता. एवढं मात्र खरं माना.