अक्काला मी परत नेऊन सोडलं

गयाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावच्या दूध सोसायटीत सकाळच्या दुधाची फॅट तपासत होतो. तिची शेजारीण एवढंच म्हणाली, "सचिवसायब, अक्का उठंनात..." त्याला आता महिना होईल. गेवराईकडच्या कितीतरी बायका तिच्यासाठी रडल्या. मला मात्र धड रडताही आलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. ऐन दुष्काळात, जनावरं छावणीत आणि माणसं टँकरवर तगून होती तेव्हा, एके दुपारी ती मोडका हात पदराखाली झाकून माहेरी आली. "बाळू, लई मारतेत रे. मी न्हाई जायची तिथं." तिचे सासरे आमच्या सोसायटीचे चेअरमन, माझी सचिवाची नोकरी त्यांच्याच शब्दावर लागलेली. हाताला प्लास्टर घातलं आणि चौथ्या दिवशी मीच तिला मोटारसायकलवर बसवून मळ्यातल्या सासरी नेऊन सोडलं. चेअरमननी मला चहा पाजला, आणि मी तो प्यायलो.

दोन वर्षांनी ती लेकीला घेऊन आपणहून निघाली. माझ्या दारात आली नाही. आमच्याच गावात एक खोली घेतली, शिवणकाम धरलं. टँकरच्या रांगेत कुणाचा सुजलेला डोळा दिसला की सगळ्यांसमोर विचारायची, "काय झालं गं?" "पडले, अक्का." "कुणी पाडलं?" आधी बायका खाली बघायच्या, मग एकेक जण बोलायला लागली, तिच्या खोलीत येऊन राहायला लागली. त्यांच्याबरोबर ती पोलीस ठाण्यात जायची, कोर्टात जायची.

एकदा अशाच एकीला परत न्यायला तिचा भाऊ आला. मी ज्वारी द्यायला म्हणून तिथं गेलो होतो. अक्का त्याला म्हणाली, "मलाबी माझ्या भावानं असंच नेऊन घातलं होतं. हा बसलाय, इचार त्याला पुढं काय झालं." तो माझ्याकडं बघत राहिला... मी एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी उठलो, चप्पल घातली आणि निघून आलो. त्या बाईला अक्कानं जाऊ दिलं नाही, ते एकटीच्या बळावर. मला ती त्यानंतरही कधी टाकून बोलली नाही. माफी मागायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात, अक्काची लेक तिच्या घरी परतल्यावर, मी खोली आवरायला गेलो. मशीनवर अर्धवट शिवलेलं पोलकं तसंच होतं. दारात एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर तान्ही लेक, ओठ फुटलेला. "अक्का हायत का?" गेल्याचं सांगितलं तशी ती मागं फिरली. "थांब," मी म्हणालो, "आत ये. बस." फोन करून बायकोला बोलावून घेतलं. ती बाई उंबऱ्यातच उभी राहून मला निरखत होती.

"तुमी कोण त्यांचे?"

"भाऊ" हा शब्द तोंडातून निघायला मला फार वेळ लागला.