जिन्याखालचं पोस्टकार्ड

लालबागला आमच्या चाळीसमोर एक ब्लाउज शिवणारा टेलर आहे. त्याच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे बोलणं कमीच. गिऱ्हाइकं बोलवायला तो मोबाईलवर मेसेज टाकत नाही, पोस्टकार्ड पाठवतो. प्रत्येकीला वेगळं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. गणपतीआधी आईला आलं: "काकी, मागचा ब्लाउज आता घट्ट होत असेल. नवीन शिवून घ्या."

आमचा पोस्टमन सगळी पत्रं जिन्याखालच्या कट्ट्यावर ठेवून जातो. आईच्या हातात पडेपर्यंत ते अख्ख्या चाळीचं वाचून झालं होतं.

आई तडक दुकानात गेली, मागोमाग मी. "माझं माप चाळीभर कशाला रे सांगतोस?"

त्याने टाचण्या काढून बशीत ठेवल्या आणि गळ्यातल्या टेपने तिथल्या तिथे माप घेतलं. टेप जरा जास्तच ओढली, असं मला अजून वाटतं.

"माझंच चुकलं, काकी. तुम्ही तर बारीक झालात. जुना ढगळ होईल."

भांडायला गेलेली आई दोन ब्लाउज शिवायला टाकून आली.

आठवड्याने दुसरं पोस्टकार्ड आलं: "काकी, ब्लाउज तयार. माप दोन इंच कमी केलंय."

ते मात्र आईने चार दिवस कट्ट्यावरून उचललंच नाही.