मधला आवाज

या, असे जवळ येऊन बसा बघू. तिकडे दारापाशी काय टेकलात पाहुण्यासारखे? आणि तो मोबाईल उपडा ठेवा आधी. एक डोळा तिकडे ठेवून का कुणाला ऐकता येतं? मी जिच्याबद्दल सांगणार आहे, ती मुलगी ऐकायला बसली की डोळे मिटायची. फरशीवर मांडी घालायची, एक बोट वर करायची आणि म्हणायची, "थांबा जी, आधी ऐकू द्या." मग घरात फोडणीसुद्धा चुरचुरायची हिंमत करायची नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. अमरावतीकडची. टीव्हीला जोडायचा सिनेमाचा डबा असतो ना, तसे डबे करणारी एक कंपनी होती खराडीत, तिथं त्या डब्यांचा आवाज तपासायचं काम हिच्याकडे. आम्ही पेठेतून नुकतेच खराडीत राहायला आलो होतो. एका रविवारी बेल वाजली. मला वाटलं, आली तक्रार! आमच्या टीव्हीचा आवाज होताच तसा, भिंती हादरवणारा.

"काकू, राग नका मानू," ती म्हणाली, "पण तुमच्या पिक्चरमध्ये कोणी बोलूनच नाही राहिलं जी."

"म्हणजे गं?"

"वर मला घोडे ऐकू येते, गाणे ऐकू येते, दार आपटलं ते पण ऐकू येते. माणसंच नाही ऐकू येत."

मी दार सताड उघडलं. कारण आमच्या घरात त्याच गोष्टीचं दुःख चाललं होतं. आमचे हे जन्मभर शाळेत शिकवलेले. वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ओळखणारे. पण नवा डबा आणल्यापासून सिनेमातलं एक वाक्य धड कळेना, तेव्हा ह्यांनी ठरवून टाकलं, आपण बहिरे झालो. मलाही कळत नव्हतंच, पण मला वाटलं, चला, जोडीनं म्हातारे झालो! ह्यांना मात्र ते फार लागलं. डॉक्टरकडे जाईनात. संध्याकाळी बागेतल्या कट्ट्यावर जायचे, तेही सोडलं. "बहिऱ्यानं कट्ट्यावर जाऊन करायचं काय? माना डोलवायच्या?" म्हणाले. खुर्चीत बसून पडद्यावरच्या इंग्रजी ओळी वाचायचे. माणूस डोळ्यांसमोर मुका होत चालला होता हो.

ती आत आली, डब्याला हात लावणार, तोच हे म्हणाले, "अहो इंजिनिअरबाई, माझ्या कानांचं मी बघतो. तुम्ही तुमच्या कंपनीचं बघा."

"कानांचं कोण म्हणून राहिलं काकाजी? मी डब्याचं म्हणून राहिली. हा सहावर कोणी ठेवला?"

"मी ठेवला. डबा सहा स्पीकरांचा आहे. दोनावरच ठेवायचा, तर मग घ्यायचा कशाला?"

स्पीकर आमच्याकडे दोनच. पण सोय दिली आहे तर ती पुरेपूर वापरायची, हा आमच्या ह्यांचा बाणा! ती हसली नाही बरं का. मला मात्र तिनं असं समजावलं की मी अजून विसरले नाही. "काकू, हा डबा म्हणजे वाढपी, सहा पंगती समजून वाढत सुटला आहे. बसल्या आहेत दोनच. पिक्चरवाले माणसांचं बोलणं मधल्या पंगतीत ठेवतात. तुमच्याकडे ती पंगतच नाही, तर सगळं बोलणं जमिनीवर सांडून राहिलं. मधलं वाढप आता या दोघांत वाटून द्यायचं, बस."

तिनं डबा दोनावर केला, मधला आवाज थोडा वर उचलला आणि ह्यांची खुर्चीच फिरवली. टीव्हीकडे पाठ! "आता वाचायचं नाही काकाजी. काय म्हणून राहिला तो, सांगा."

हे ताठ बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात कालथा तसाच. सिनेमातला कुणी म्हातारा बोलला. हे म्हणाले, "म्हणतोय, उद्याच गावाला जातो." मग थोडं थांबून, "जाऊ द्या त्याला. इथं तरी कुठं काही काम करतोय!"

ती खो खो हसली. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

पण मुलगी खोटं गोड बोलणारी नव्हती. निघताना म्हणाली, "कान थोडे कमी झाले आहेत काकाजी. गेले नाहीत. डॉक्टरला दाखवून घ्या." मी सांगून जे झालं नव्हतं, ते तिच्या एका वाक्यानं झालं. ह्यांनी कानाला यंत्र लावलं आणि कट्ट्यावर परत गेले, पहिल्याच दिवशी कुणाशी तरी भांडून आले. मी देवापुढे साखर ठेवली.

पुढे दर रविवारी ती सांबारवडी घेऊन खाली यायची. "कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्यांच्या हाती मी डबा दिला," असं म्हणत हे चार-चार वड्या उचलायचे. एकदा तर ती ह्यांना कंपनीत घेऊन गेली. हे इस्त्रीचा सदरा घालून गेले. तिथली मुलं सहा स्पीकरांच्या मधोमध बसून आवाज तपासत होती. तिनं सगळ्यांना विचारलं, "तुमच्या आईबाबांच्या घरी किती आहेत?" एकेक जण हसत म्हणाला, दोन. मग म्हणाली, "ठीक आहे, आधी काकाजींना ऐकू येऊ द्या, मग बॉम्ब फोडा." त्यांच्या पुढच्या डब्यात बोलणं वर उचलायचं वेगळं बटण आलं. ते तिनं भांडून घालून घेतलं. घरी येऊन हे इतकं रंगवून सांगत होते, की वाटावं, लेकीचं पहिल्या नंबराचं बक्षीस घेऊन आलेत.

आता कंपनीनं तिला परदेशी नेलंय. मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे. वर दुसरं बिऱ्हाड आलंय, चांगली माणसं आहेत, पण रविवारी आमची बेल काही वाजत नाही. कट्ट्यावर हे रोज तिचं सांगतात, आणि रोज एक गोष्ट नवी असते. परवा एक गृहस्थ म्हणालेच, "मास्तर, अशी मुलगी खरंच आहे, का तुम्ही रचताय?" तेव्हा बाई गं, कुठे असशील तिथं हे तुझ्या कानावर पडलं, तर सुट्टी काढ आणि लवकर ये. एक संध्याकाळ ह्यांच्याबरोबर कट्ट्यावर जाऊन बस.