नॉर्मल प्रेशरची माणसं

दवाखान्यात औषधांच्या रिकाम्या बाटल्या आम्ही टाकून देतो, पण किस्से कुठे टाकणार? त्यांना एक्स्पायरी डेटच नसते! परवा शमीम म्हणाली, "सर, एकदाचे लिहून काढा. आम्हालाच तेच तेच ऐकवता, आणि दर वेळी अण्णांचं वय वाढवता."

शमीम माझी सहायक, भोरचीच. मी डोळ्यांचा डॉक्टर. पुण्यात मेडिकल कॉलेजात अनेक वर्षं काचबिंदू शिकवला आणि निवृत्त झाल्यावर भोरला दोन खोल्यांचा दवाखाना टाकला. बाजाराच्या दिवशी बाहेरच्या बाकावर जी मंडळी बसतात, त्यांतल्या काहींचा काचबिंदू जरा वेगळा आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढलं की काचबिंदू होतो, असं सगळे ऐकून असतात. ह्यांचं प्रेशर मोजलं की नॉर्मल! तरीही डोळ्यामागची नस हळूहळू झिजते, नजरेचे तुकडे गुपचूप गळत जातात, आणि गेलेलं परत मिळत नाही. उरलेलं सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

ह्या मंडळींचा मला फार अभिमान आहे. असं लिहितानाही हात अडखळतो, कारण अभिमान वाटला की लगेच काहीतरी बिघडणार अशी मला धास्ती वाटते. पण लिहितो.

*

ठकूबाई मूळ पेशंट नव्हत्याच. हिर्डोशीच्या वरच्या वाडीत त्यांची शेरडं आणि दोन म्हशी. नवरा कोंडिबा मोतीबिंदू दाखवायला आला होता, आणि ह्या सोबतीला.

आत येताना त्या उंबऱ्याला ठेचकाळल्या. मी म्हटलं, असू दे, नवी जागा आहे. मग स्टुलाला धडकल्या. मग जाताना पुन्हा त्याच उंबऱ्याला!

"ठकूबाई, जरा तुम्ही बसा खुर्चीत."

"माजं काय न्हाई. शिबिरात बगितलं हुतं. समदं नार्मल हाय म्हनले."

प्रेशर मोजलं. खरंच नॉर्मल. पण आत नस बघितली. दोन्ही डोळ्यांत झिजलेली, उजव्यात जास्त. मी पुन्हा प्रेशर मोजलं. दुपारी बसवून ठेवून पुन्हा मोजलं. शमीम म्हणाली, "सर, आता मशीनला चहा द्या."

मग मी पुण्याला फोन लावला. माझीच एक विद्यार्थिनी, आता तिथे काचबिंदूची मोठी डॉक्टर आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, हे असं असतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत!"

"शिकवलं होतं गं. पण तेव्हा मला नक्की माहीत होतं का?"

शेवटी मी दोघांना समोर बसवून सांगितलं, की प्रेशर नॉर्मल आहे पण काचबिंदू आहे. खालच्या बाजूचं दिसणं कमी झालंय, म्हणून ठेच लागते. औषध रोज टाकलं नाही तर आणखी कमी होईल.

कोंडिबानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"डाक्टर, नार्मल बी म्हंता आन् आजार बी म्हंता. तुमी आदी एक कायतरी ठरवा. आमी तंवर बाजार करून येतो."

ठकूबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "कड्यावरची वाट दिसंल न्हवं मला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पुढचे सगळे किस्से मी त्याच उत्तराची वाट बघत जमवलेले आहेत.

*

कोणाला कुठे दिसत नाही, हे शोधायचं एक मशीन असतं. आत डोकं घालायचं, समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, आणि कडेला कुठे बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. सोपं आहे. म्हणजे पुण्यात सोपं होतं.

ठकूबाई ठिपका दिसला की वळून त्याच्याकडे बघायच्या!

शमीम सांगून दमली. "मावशी, समोरच बघायचं. कडेला शोधायचं नाही."

"अगं, समोर बगून शेरडं कशी घावतील? ती का रांगेत हुबी ऱ्हात्यात?"

जन्मभर डोंगरावर चुकार जनावरं हुडकणाऱ्या बाईला आम्ही सांगत होतो, की हलेल त्याच्याकडे बघू नका! टेस्ट चांगली यायला त्यांना तीन-चार फेऱ्या लागल्या. पण आता त्या अशा बसतात, की मशीनमधून बाहेर आल्यावर आधी माझ्याकडे बघून म्हणतात, "पापनी तरी हलली का?"

*

उलट आमचे जगन्नाथअण्णा. किकवीचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनाही हाच नॉर्मल प्रेशरचा काचबिंदू. त्यांचा पहिला रिपोर्ट आला तो बघून मला आनंदाचा झटकाच बसला. सगळीकडे दिसतंय! मग खाली नजर गेली. ठिपका चमकलाच नव्हता, तेव्हाही अण्णांनी बटण दाबलं होतं. एकदा नाही, सारखं!

"अण्णा, दिसल्यावर दाबायचं हो!"

अण्णा खवळले. "डॉक्टर, वरंधा घाटात गाडी चालवली मी. समोरचं दिसल्यावर हॉर्न देणारा ड्रायव्हर पेन्शन खायला उरत न्हाई!"

*

अण्णांना सुरुवातीला एकाच डोळ्यात थेंब दिले होते. औषध लागू पडतंय का, हे दुसऱ्या डोळ्याशी ताडून बघायला. त्या थेंबांनी काही जणांच्या पापण्यांचे केस वाढतात. मी हे सांगितलं होतं. निदान, सांगितलं होतं असं मला वाटतं.

काही महिन्यांनी अण्णांच्या मंडळी एकट्याच आल्या. दार लावून घेतलं.

"डॉक्टर, ह्यांनी ह्या वयात काजळ घालायला सुरुवात केलीय."

"काजळ?"

"ते बी एकाच डोळ्याला! आता एका डोळ्यानं कुणाकडं बघत्यात, त्येवढं इचारा तुमी. मला तर सांगत न्हाईत."

मी घाबरून त्यांना औषधाची सगळी माहिती सांगितली. चित्र काढून दाखवलं. पापण्या दाट होतात, लांब होतात, काळ्या होतात, ह्यात अण्णांचा काहीही दोष नाही.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"मग मला बी एक बाटली द्या की!"

*

समजावून सांगण्यात मी कच्चा आहे. ज्यांचं प्रेशर नॉर्मल, त्यांना प्रेशर कमी करायचे थेंब का द्यायचे, हे मी कोंडिबाला तीनदा सांगितलं. रंगीत मॉडेल उघडून दाखवलं. त्यानं मॉडेलचा डोळा हातात घेतला आणि म्हणाला, "इकत मिळतो व्हय हा?"

बाहेर बाकावर अण्णा बसले होते. त्यांना राहवेना.

"कोंडिबा, हिकडं ये. कापूरहोळपास्नं भोरला येताना वाटेत पूल लागत्यात. गाडी तीच, लोड तोच, पासिंगमधला, म्हंजे नार्मल. बाकीच्या पुलांना काय होत न्हाई. पण एकादा पूल नाजूक असला तर?"

"त्यो खचंल."

"मग गाडीचा लोड नार्मल हुता म्हनून पूल खचायचा ऱ्हाईल का?"

"न्हाई."

"तुज्या मंडळीची नस म्हंजे त्यो पूल. पूल नवा घालता येत न्हाई. गाडी हलकी करायची. थेंब त्येच्यासाठी."

कोंडिबानं मान डोलावली. मग आत आला आणि मला म्हणाला, "हे आदी सांगायचं न्हवं!"

तेव्हापासून मी सगळ्यांना हा पूलच सांगतो. दार उघडं असेल तर बाकावरून आवाज येतो, "माजं हाय ते!"

*

थेंब कधी टाकायचे? रात्री नऊ वाजता, असं मी लिहून द्यायचो. ठकूबाईंच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. शमीमनं त्यावर रेघ मारली. "मावशी, शेरडं आत घेतली, दाराची झाप लावली, की थेंब. आधी झाप, मग थेंब."

हे जमलं. एक दिवस चुकला नाही, कारण शेरडं बाहेर ठेवून कोण झोपतं!

पण पुढच्या टेस्टला रिपोर्टवरचा काळा डाग, म्हणजे न दिसणारा भाग, वाढलेला दिसला. थोडासाच, पण वाढलेला. प्रेशर मात्र औषधानं छान खाली आलेलं. मी टेस्ट पुन्हा केली. पुण्याला फोन केला. मग सगळ्या औषधांबद्दल विचारलं, आणि ठकूबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "म्या लई चांगली युगत केली. बीपीची गोळी सकाळी इसरायची. आता झाप लावली की थेंब बी आन् गोळी बी. समदं एकदम!"

रात्री झोपेत बीपी तसंही खाली जातं. त्यात गोळी रात्रीची. नाजूक नसेला रक्त पोचायचं तेच कमी पडत असणार. निदान मला तरी तेच कारण दिसत होतं. त्यांच्या बीपीच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी तपासून गोळी पुन्हा सकाळी आणली. (हे वाचून कोणी आपल्या मनानं गोळीची वेळ बदलू नये. हात जोडून सांगतो.)

शमीमचा चेहरा उतरला. "सर, झापेचं मीच सांगितलं होतं."

ठकूबाई तिच्यावर ओरडल्या, "तुजं काय चुकलं गं? थेंबाचं सांगितलंस, गोळी म्या घुसवली! आता सकाळची खूण सांग."

"म्हशीची धार काढली की."

"हां. आता कसं!"

*

पावसाळ्यात हिर्डोशीकडची एसटी कधी येते, कधी येत नाही. एका पावसात ठकूबाईंची बाटली संपत आली आणि खाली उतरायची सोय नव्हती. अण्णांनी मनावर घेतलं. स्टँडवर त्यांना अजून मान आहे. बाटली गार राहावी म्हणून ओल्या फडक्यात, फडकं डब्यात, डबा कंडक्टरच्या हातात. पुढे दूधवाला तो डबा चालत वाडीवर नेणार.

शमीम फोनवर फोन. "डोळा कुठवर पोचला?"

स्टॉपवर डबा देताना कंडक्टर खाली उभ्या दूधवाल्याला ओरडला, "ए, ठकूबाईचा डोळा घे रे खाली! सांभाळ, सांडंल!"

मागच्या सीटवरचे एक पाहुणे पुढच्या स्टॉपपर्यंत थांबलेच नाहीत, तिथेच उतरले म्हणतात.

तो सगळा पावसाळा एकाही संध्याकाळी थेंब चुकला नाही. मोठ्या हॉस्पिटलांतून सुद्धा मला हे जमवता आलं नसतं. इथे ते डबा, दूधवाला आणि अण्णांच्या ओळखीवर जमलं!

*

ह्या काचबिंदूत घरच्यांनाही तपासावं लागतं. ठकूबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं. मी म्हटलं, "भावाला एकदा आणा." मला वाटलं, राहील.

पुढच्याच बाजाराला त्या भावाला मनगटाला धरून घेऊन आल्या. भाऊ चांगला उंच, मिशावाला, आणि भयंकर चिडलेला.

"डॉक्टर, मला समदं दिसतंय. ही उगाच वडत आनती."

ठकूबाई खुर्ची पुढे सरकवत म्हणाल्या, "मला बी समदं दिसत हुतं."

भाऊ बसला! त्याची नस चांगली निघाली. मी दोनदा बघितली. मग तो आणखीच चिडला, की म्हणजे फुकटच आलो. बहिणीनं त्याला भजी खाऊ घालून गाडीत बसवला. खिडकीतून तो ओरडत होता, "आता परत बोलवू नगंस!" आणि ही खालून, "दर साली यायचं हाय!"

*

आणि मागच्या महिन्यातली गोष्ट. गोळी सकाळी आणल्यापासूनच्या टेस्ट एकापुढे एक मांडायच्या होत्या. डाग थांबलाय की पुढे सरकलाय, हे त्यातून कळणार होतं. सरकला असेल तर पुढे ऑपरेशन, आणि डोंगरावर जाणं बंद.

सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. टेस्ट झाली. सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. मला वाटलं, थांबलाय. मला वाटलं, म्हणजे मला तसं वाटावं असं वाटतंय. पुण्याला पाठवले. तिकडून उत्तर आलं, "स्टेबल आहे, सर. छान सांभाळलंय." मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की. मी पुन्हा एकदा विचारणार होतो, तेवढ्यात शमीमनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

ठकूबाई समोर बसल्या होत्या. कोंडिबा दारात उभा होता. बाकावरचे अण्णाही उठून आत आले होते.

मी रिपोर्ट उचलून त्यांच्यापुढे धरला.

"ठकूबाई, वाट... कड्यावरची वाट दिसेल. आहे तेवढं सगळं जागेवर आहे."

कोंडिबानं टोपी काढली. अण्णा शमीमला म्हणाले, "पेढे कुठायत?"  ठकूबाई उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. वाटेत स्टूल होतं. ते त्यांनी मान खाली घालून बघितलं आणि हातानं बाजूला केलं.

मग त्यांनी माझी हनुवटी धरली, मान उजेडाकडे वळवली आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून आत बघितलं. आधी एक डोळा, मग दुसरा. मी तसाच बसून राहिलो.

"पांढरी पडलीया," त्या म्हणाल्या. "शेरडाची अशी झाली, की त्येचं खानं सुटलं म्हनायचं. शमीम, ह्येंचा डबा कुटं हाय?"

डबा कपाटावर होता. सकाळपासून उघडला नव्हता.

ठकूबाईंनी तो माझ्यापुढे उघडून ठेवला, खुर्ची ओढली आणि समोर बसल्या.

"खावा. म्या बगती."